भांडणाचा घास

देशासाठी एक वर्ष द्यायचं, पूर्णवेळ, असा कायदा. कुणाच्या वाट्याला रस्ते आले, कुणाच्या शाळा. जिला सगळे ठेंगणी म्हणत, त्या पोरीच्या वाट्याला वृद्धाश्रमातल्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या आल्या. निघताना आई म्हणाली होती, "वर्ष काय, डोळे मिटून काढशील." पोरीने ते अक्षरशः केलं. घाण काढायची, कूस बदलायची, भरवायचं. सुरुवातीला रडू यायचं, मग तेही यायचं बंद झालं. भाषणवाले याला सेवा म्हणतात. त्यांनी एकदा चादरी बदलून बघाव्यात, मग तोंड उघडावं.

खिडकीजवळच्या खाटेवर एक शिंपीण होती. आयुष्यभर हाताखालच्या पोरींना धाकात ठेवलेली. आता अंगावरून वारं गेलेलं, पण जीभ शाबूत. "आजी, एक घास घ्या ना," म्हटलं की ओठ शिवून टाकल्यासारखे बंद. एकदा ठेंगणीचं डोकं फिरलं. "खायचं तर खा, नाहीतर ताट उचलते. मला काय हौस आलीय?"

म्हातारीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अशी उभ्याने भरवतात का? बूड टेक आधी." आणि तोंड उघडलं. तेव्हापासून दोघींचं दोन्ही वेळा भांडण आणि दोन्ही वेळा जेवण.

आता वर्ष सरत आलं. जाणारीने शेवटच्या आठवड्यात आपल्या खाटांकडे फिरकायचं नाही, सवय तुटली पाहिजे, हा तिथला नियम. तिच्या जागी आलेली नवी पोर म्हणजे साखरेची गोळी. दोन दिवस म्हातारीने पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

"उद्या नळी घालावी लागणार," परिचारिका म्हणाली.

ठेंगणीने नवीला मोरीत गाठलं. "तिच्याशी भांड."

"आजींशी? मला नाही जमणार, ताई. आमच्याकडे मोठ्यांना उलटून बोलत नाहीत."

"मग नळीच घाल. नाकात घालताना वाकून नमस्कार कर."

संध्याकाळी ठेंगणी पडद्यामागे उभी राहिली. नुसता चमच्याचा आवाज. "आजी, घ्या ना." मग काहीतरी सांडलं, आणि नवी रडक्या आवाजात म्हणाली, "ए म्हातारे, मी काय तुझ्या बापाची नोकर आहे?"

"मग कुणाच्या बापाची आहेस?"

"माझ्या."

"दिसतंयच. त्याने साधा चमचा धरायला शिकवला नाही. आण इकडे."

म्हातारी जेवली. घास चघळत, मधेमधे नवीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, सगळं संपवलं. ठेंगणीशी भांडताना वापरायची तेच शब्द, त्याच क्रमाने. 'ती कुठे गेली' असं एकदाही विचारलं नाही.

ठेंगणी थांबली. बरं वाटेल म्हणून थांबली, मग निदान वाईट तरी वाटेल म्हणून. दोन्हींतलं काही वाटलं नाही. पाय न वाजवता ती बाहेर पडली आणि परिचारिकेच्या टेबलापाशी गेली.

"नळी नको," ती म्हणाली. "जेवल्या त्या."