मुलाणीकाकांनी पुसलेली ओळ

गेल्या मंगळवारी साताऱ्यात होते... आमच्या हळद कंपनीची वर्षाची प्लॅनिंग मीटिंग. हॉटेलचा एसी हॉल, खिडकीतून दिसणारा अजिंक्यतारा आणि स्क्रीनवर पुढच्या वर्षाची सतरा उद्दिष्टं.

सतराव्या स्लाइडला मला सांगलीचं आमचं जुनं गोडाऊन आठवलं. मी ट्रेनी म्हणून लागले तेव्हा ही मीटिंग तिथे पोत्यांवर बसून व्हायची. उठताना सगळ्यांचे कपडे पिवळे...

मीटिंग चालवायचे मुलाणीकाका, आमचे खरेदी मॅनेजर. आधी गेल्या वर्षी ठरलेल्या कामांचा कागद मोठ्याने वाचायचा. जे झालं नाही ते का झालं नाही, हे ज्याचं काम त्यानेच उभं राहून सांगायचं. मग फळ्यावर नवीन कामं, फक्त तीन. चौथं हवं असेल तर आधीचं एक पुसा.

एका वर्षी चार उरली. त्यातलं एक काकांचं स्वतःचं, गुळाची पावडर करायचं युनिट. त्यासाठी ते दोन वर्षं गुऱ्हाळं पालथी घालत होते, घरी नमुने करून आम्हाला चाखायला आणायचे. मालक म्हणाले, चारही राहू देत. काका उठले, स्वतःची ओळ पुसली आणि खाली बसले.

नंतर मी विचारलं, का पुसलंत? शांतपणे म्हणाले, "आवं ताई, नवं काय करायचं ते समदीच सांगत्यात. काय करायचं न्हाई, ते बी कुणीतरी सांगाय पायजे."

तेव्हा मला त्यांचा रागच आला होता...

मंगळवारी मी हात वर केला. म्हटलं, आधी गेल्या वर्षीचा प्लॅन वाचू या. तो लॅपटॉपमध्ये सापडायलाच वेळ लागला. वाचला. हळद तपासायची स्वतःची टेस्टिंग लॅब उभारायचं ठरलं होतं, ती अर्धवटच. आणि बाहेरच्या लॅबचे रिपोर्ट वेळेत मिळत नाहीत म्हणून परदेशातला आमचा सगळ्यात जुना ग्राहक सोडून जायच्या बेतात होता.

मालकांचा मुलगा रोहन आता कंपनी बघतो. त्याने विचारलं, मग या सतरातलं काय काढायचं?

सहाव्या नंबरवर माझं होतं... हळद थेट घरोघरी पोचवणारं ऑनलाइन दुकान. वर्षभर खपले होते त्यावर, पाकिटाचं डिझाइनसुद्धा तयार होतं. पण त्याला लागणारी माणसं आणि लॅबला लागणारी माणसं एकच. दोन्ही होणं शक्य नव्हतं.

"माझं काढा," मी म्हणाले.

मग एकेक जण आपलं काम मागे घेऊ लागला. संध्याकाळी तीन उरली, त्यात लॅब पहिली.

सांगलीला परतताना कराडच्या पुढे गाडी थांबवून काकांना फोन केला. रिटायर झाल्यापासून ते विट्याला मुलीजवळ असतात. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लय लागलं व्हय जिवाला?"

हो म्हटलं.

"मला बी लय लागलं हुतं ताई. कवा कुणाला बोललो न्हाई."

इतकी वर्षं मला वाटत होतं, काकांना ते सहज जमलं... गाडीत एकटीच रडले थोडी. काका, उशिरा का होईना, तुम्ही त्या दिवशी काय केलंत ते कळलं.