आईच्या कुंकवानं सापडला ब्रेकचा बिघाड

मंडळी, आज दसरा! आजोबांची १९४७ची गाडी घेऊन भोरहून भाटघरला निघणार, तर ब्रेकचं पायडल लोण्यात गेल्यागत खाली गेलं. नशीब, गाडी अजून दारातच होती.

ब्रेक ऑइल कमी झालेलं, पण जमीन कोरडी. गाडीखाली लोळून मी घामाघूम.

आई म्हणाली, "आरं, काल खंडेनवमीला म्या चारी चाकांना कुंकू लावलं. ह्या मागल्याचंच कसं वघळलं?"

चाक खोललं. आतल्या ब्रेक सिलिंडरचं रबर फाटून ऑइल चाकावर झिरपत होतं, त्यानंच कुंकू वघळलेलं!

"रंग खराब होईल," म्हणून काल मी आईवर चिडलो होतो. आज नवं रबर टाकलं, पाइपातली हवा काढली आणि कुंकवाचा करंडा मीच तिच्यापुढं धरला.

तुमच्या गाडीची पूजा कोण करतं? मेकॅनिकच्या आधी त्यांना विचारा!