चुलीशेजारची भिंत

आमच्या स्वयंपाकघरात चुलीच्या डाव्या हाताला शेणानं सारवलेली एक भिंत होती. मी आणि माझा धाकटा भाऊ लिहायला-वाचायला शिकलो ते त्या भिंतीवर. धरणगावाजवळच्या आमच्या खेड्यात तेव्हा चौथीपर्यंत शाळा होती, मी जायचे, पण भाऊ शाळेचं नाव काढलं की ज्वारीच्या कणगीमागं जाऊन बसायचा. माय अमळनेरची, माहेरी चार बुकं शिकलेली. तिनं त्याला एकदाही रागावलं नाही. ती सकाळी कोळशानं भिंतीवर त्या दिवशीच्या भाजीचं नाव लिहायची.

"माय, आज काय शे?" आम्ही विचारायचो.

"वाचीसन सांगा," असं म्हणून ती भाकरी थापायला बसायची.

जो आधी वाचेल त्याला गरम भाकरी पहिली. भरिताच्या दिवशी आम्ही दोघं भिंतीला नाक लावून उभे असायचो. शेवटी उरलेल्या पिठाची माय अक्षरं करायची आणि तव्यावर भाजायची. ओळखलं तर खायचं. ज्वारीचं पीठ तुटतं, म्हणून वळणावळणाचे ळ आणि क्ष ती कळण्याच्या भाकरीच्या दिवसासाठी राखून ठेवायची. कळणं म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ, उडदामुळं ते चांगलं चिकट असतं. भाऊ 'ग'चा काना आधी खायचा आणि उरलेलं अर्ध अक्षर दाखवून मला विचारायचा, "आते हाई काय शे?"

एक दिवस त्याला उमगलं की आपण बोलतो तेही लिहिता येतं. त्या दिवसापासून कोळसा त्याच्या हातातून सुटेना. 'मांजर पळनं.' 'माले भूक लागनी.' माय फक्त वेलांट्या नीट करायची, बोली तशीच राहू द्यायची. एका दुपारी आबा, म्हणजे आमचे आजोबा, ओसरीवर उताणे घोरत पडलेले असताना भाऊनं आत येऊन मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आबा घोरस.'

आबांना अक्षरओळख नव्हती. पाणी प्यायला आत आले तेव्हा त्यांनी विचारलं, "हाई काय लिखेल शे?"

माय पदर पुढं ओढून कोपऱ्यात सरकली. सासऱ्यापुढं ती बोलत नसे. भाऊ कोळसा पाठीमागं लपवायला लागला. मीच म्हणाले, "आबा थोर शे, अशे लिखेल शे."

आबा खूश झाले. "मंग ऱ्हाऊ द्या," म्हणाले. सारवायच्या दिवशीही त्यांनी तेवढा तुकडा सारवू दिला नाही. आल्यागेल्याला आत आणून दाखवायचे. वाचता न येणारे माना डोलवायचे. मग एकदा शाळेचे गुरुजी भाऊच्या गैरहजेरीची चौकशी करायला आले. आबांनी त्यांनाही भिंतीपुढं उभं केलं. गुरुजींनी वाचलं, उपरणं तोंडाला लावलं, तरी हसू आवरेना.

"आबा, तुम्ही घोरता, असं लिहिलंय यात!"

"घोरस? कोन घोरस?" आबा गरजले.

भाऊ केव्हाच कणगीमागं गेला होता. मला वाटलं, आता मार बसतो. पण आबा माझ्याकडं वळून म्हणाले, "माले बी शिकाड. तुम्हीन काय काय लिखतस ते माले समजाले पाहिजे."

अशी आबांची शाळा सुरू झाली. मास्तर आम्ही दोघं. आबा चुकले आणि आमच्या लक्षात आलं नाही, तर दाराआडून चिमटा वाजायचा. माय ऐकत असायची. आबा लगेच बोट मागं घ्यायचे नि पुन्हा वाचायचे. कापूस वेचून घरात येईपर्यंत त्यांना जोडाक्षरं वाचता यायला लागली. अमळनेरच्या स्टेशनात पाटी मोठ्यांदा वाचून त्यांनी अख्खा डबा आपल्याकडं बघायला लावला. नातवाला ते आता स्वतःच शाळेत पोचवायचे, वाटेत दिसेल ते अक्षर विचारत.

आणखी एक गोष्ट झाली, जी कुणी ठरवली नव्हती. इतकी वर्षं मायला काही हवं असलं की निरोप आमच्या तोंडून जायचा. आता ती भिंतीवर लिहायची, 'मीठ संपले.' आबा वाचायचे, बाजारात जायचे, आणि आल्यावर खाली लिहायचे, 'आनं.'

मी चौथी पास झाले, तेव्हा घरात पुढच्या शाळेचा विषयच निघाला नाही. पोरीला एवढं पुष्कळ, असंच सगळे धरून होते. त्या दिवशी मायनं भाजीचं नाव लिहिलं नाही. लिहिलं, 'मुलीला पुढे शिकवावे. माझ्या भावाकडे ठेवावे.'

आबा आत आले. ओठ हलवत त्यांनी वाचलं. परत वाचलं. माय पाठमोरी भाकरी थापत होती, पण तिचा हात थांबला होता. मी उंबऱ्यावर बसले होते. आबांनी चुलीपुढचा कोळसा उचलला आणि खाली एकच शब्द लिहिला, 'धाडा.'

माय पुन्हा भाकरी थापायला लागली. तव्यावरची करपली होती, ती तिनं काढून बाजूला ठेवली.

जूनमध्ये आबाच मला आगगाडीनं मामाकडं सोडून आले. पुढं मी सातवीची फायनल परीक्षा पास झाले, मास्तरीण झाले. भाऊनं मात्र शेती केली.