हात धुऊन घेतलेली माती

माझ्या नातीच्या रक्तात शिसे कुठून आले, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर आता मिळाले आहे. ते मिळायला जितका वेळ लागला, त्यातले दोन आठवडे केवळ माझ्या एका चुकीच्या उत्तरामुळे वाया गेले. म्हणून सारे क्रमाने लिहिते.

ईरा तेव्हा पाच वर्षांची होती. नोव्हेंबरचा महिना. मँचेस्टरजवळच्या आमच्या गावातल्या इस्पितळात, भिंतीवर जिराफ रंगवलेल्या खोलीत, बालरोगतज्ज्ञ बाईंनी आपली खुर्ची टेबलाच्या मागून काढून आमच्यासमोर आणली. बातमी वाईट आहे हे मला तेव्हाच कळले. त्या म्हणाल्या, "तिची ब्लड लेड लेव्हल खूप वाढलेली आहे. म्हणजे तिच्या रक्तात शिसे आहे. ते कुठून येते आहे हे आपल्याला शोधायला हवे, आणि लवकर शोधायला हवे."

सून मधुरा माझ्या शेजारी बसली होती. तिने एकच प्रश्न विचारला, की मेंदूवर परिणाम होईल का. डॉक्टरांनी उत्तर टाळले नाही. आज सांगता येणार नाही, त्या म्हणाल्या. पुढच्या काही वर्षांत शाळेत दिसेल, किंवा दिसणारही नाही.

लक्षणे ऑक्टोबरपासूनची. पोट दुखायचे, शौचाला खडा व्हायचा, शाळेतून आल्यावर बूटही न काढता ती जिन्यावर झोपायची. जीपींनी, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी, रक्त तपासले. अॅनिमिया निघाला, म्हणजे रक्त कमी. लोहाचे औषध सुरू झाले, पण फरक पडेना, तेव्हा त्यांनी आम्हाला पुढे पाठवले. लोह कमी असलेले मूल शिसे अधिक शोषून घेते आणि शिसे रक्त आणखी कमी करते, हे मला मागाहून कळले. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवते, हेही.

मी एकतीस वर्षे पुण्यात शाळेत विज्ञान शिकवले. शिसे जड, मऊ आणि विषारी, हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल. त्या आठवड्यात ईरा समोर आली की मी तिला दोनदोनने मोजायला लावत असे. कालची कविता आज म्हणायला सांगत असे. एक ओळ चुकली की पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावत असे. तिसऱ्या दिवशी मधुरा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून शांतपणे म्हणाली, "आई, तिची परीक्षा घेणं बंद करा. ती माझ्याकडे बघून उत्तर देते आता."

मी बंद केले.

मग सार्वजनिक आरोग्य खात्यातल्या एका अधिकाऱ्याचा फोन आला. त्याच्यापाशी लांबलचक प्रश्नावली होती. काजळ वापरता का? सुरमा? भारतातून आणलेली हळद, कुंकू? आयुर्वेदिक गोळ्या? पितळेची भांडी? तो अदबीने विचारत होता, पण प्रत्येक प्रश्न आमच्याच कपाटाकडे बोट दाखवत होता. हे प्रश्न योग्यच आहेत. अशा वस्तूंतून मुलांना शिसे बाधलेले आहे, तेव्हा कोणी विचारले तर रागावू नका. आम्ही मसाल्याच्या डब्यापासून माझ्या पितळी ताम्हनापर्यंत सारे पिशव्यांत भरून दिले.

शेवटी त्याने विचारले, ती मातीत खेळते का. मी ठामपणे सांगितले, "नाही. आमच्याकडे मुले जेवणापूर्वी हात धुतात आणि मातीत खेळत नाहीत."

दोन आठवड्यांनी निकाल आला. हळद निर्दोष. ताम्हन निर्दोष. नळाचे पाणी निर्दोष. घर नवे, त्यामुळे जुन्या रंगाचा प्रश्न नव्हता. आणि ईराच्या रक्तातला आकडा मात्र चढलेला. डॉक्टरांनी चिलेशनचा विषय काढला. चिलेशन म्हणजे शिशाला बांधून लघवीवाटे बाहेर काढणारे औषध, त्यासाठी इस्पितळात राहावे लागते. ती वेळ अजून आलेली नाही, त्या म्हणाल्या, पण फार दूरही नाही. रक्त घेऊन सुई काढल्यावर ईरा मला म्हणाली, "आजी, असं करून माझा रक्त संपेल ना." मी तिचे व्याकरण सुधारले नाही.

त्या शनिवारी ती टेबलाशी बसून खडूने ढग रंगवत होती. रंग गुळगुळीत करायला तिने बोट जिभेला लावले, कागदावर फिरवले, पुन्हा जिभेला लावले. मी पाहत राहिले. ती हालचाल माझ्या ओळखीची होती, कारण ती मीच शिकवली होती.

आमच्या शनिवारच्या मराठी वर्गात मी दरवर्षी मुलांकडून गणपती करून घेते. प्लॅस्टर नको, रंग नको, म्हणून माती घरामागच्या ओढ्याच्या काठावरून आणते. राखाडी, चिकट, अगदी शाडूसारखी. नियम एकच असतो, की बाप्पाच्या मातीला हात लावण्यापूर्वी हात स्वच्छ धुवायचे. हात नंतरही धुवायचे, हे मी कधी सांगितले नाही. ओल्या बोटाने सोंड गुळगुळीत करायची, त्यासाठी वाटीत पाणी ठेवायचे. वाटी दूर असली की ईरा जीभ वापरायची. त्या ऑगस्टच्या सुट्टीत तिने रोज एक गणपती केला. विसर्जन बादलीत झाले, आणि ते पाणी मी मागच्या कोथिंबिरीला घातले. ती कोथिंबीर ईराच्या वरणावर पडत होती.

ही माती माझ्या हिशेबी माती नव्हतीच. म्हणून मी "नाही" म्हणाले होते.

मी मधुराला सांगितले. ती उठून उभी राहिली. मग म्हणाली, "बादली कुठे आहे?" बादली शेडमध्ये होती, तळाशी ऑगस्टची माती वाळलेली. ती तपासणीला गेली, आणि तिच्यात शिसे निघाले.

शेजारच्या मॉरीनबाई ऐंशीच्या पुढच्या, जन्मापासून याच रस्त्यावर राहिलेल्या. मी ओढ्याविषयी विचारले तेव्हा त्यांनी माझ्याकडे मी खुळी असल्यासारखे पाहिले. "अगं लव्ह, ओढ्याचं काही आम्ही घरात आणलं असतं तर आईनं बडवलं असतं. तिथे रंगाचा कारखाना होता. वडील घरी यायचे ते लाल धुळीने माखून. तू मुलांना तिथून काय आणून देतेस?" देवाच्या मूर्तीसाठी, मी म्हणाले. त्या म्हणाल्या, "देवानं तरी सांगायचं होतं तुला."

ग्रंथालयात जुना नकाशा मिळाला. ओढ्याच्या वळणावर शिशापासून रंग करणारा कारखाना, आणि त्याच्या टाकाऊ मालाचा ढीग. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, बाईंनी मान्य केले की ती जागा तपासणीच्या यादीत आहे, फक्त तिचा क्रमांक आलेला नव्हता. टेकडीवरच्या मोठ्या घरांमागून असा ओढा वाहत असता तर क्रमांक कधी आला असता, असे मी विचारले. त्यांनी ते लिहून घेतले. खाली आम्ही राहतो, बांगलादेशी कुटुंबे राहतात, पोलिश राहतात, मॉरीनबाई राहतात. त्यांतल्या फक्त मॉरीनबाईंना ठाऊक होते, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. मीही नाही.

वर्गातल्या अकरा घरी मी स्वतः फोन केले. "तुमच्या मुलाला मी दिलेल्या मातीत विष होते, त्याचे रक्त तपासून घ्या," हे वाक्य अकरा वेळा म्हटले. एका वडिलांनी फोन ठेवला, पण मुलाचे रक्त तपासून घेतले. नऊ मुले ठीक निघाली, दोघांचा आकडा किंचित वाढलेला होता. त्यांच्यावर लक्ष आहे.

बादली गेली, कोथिंबीर गेली, मागच्या वाफ्यांवर जाड कापड अंथरले. जानेवारीत ईराचा आकडा पहिल्यांदा उतरला. डॉक्टर खुर्ची न हलवता बोलल्या, त्यावरूनच मला कळले. चिलेशन लागले नाही. त्या बाईंची, आणि रक्त काढताना प्रत्येक वेळी ईराला जिराफाचे नाव विचारणाऱ्या नर्सची, मी ऋणी आहे.

पण हाडांतले शिसे वर्षानुवर्षे हळूहळू सुटत राहते. ईरा एखादा शब्द विसरली की मी अजूनही श्वास रोखते, आणि तिला ते दिसू नये म्हणून खिडकीकडे वळते. ही भीती संपेल असे मला कोणी सांगितलेले नाही.

यंदा आम्ही सुपारीचा गणपती मांडणार आहोत.

तुम्ही जिथे राहता तिथे पूर्वी काय होते, हे मला माहीत नाही. ग्रंथालयात जुना नकाशा मागा. कौन्सिलला विचारा. रस्त्यावरच्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारा. मुलाने काय काय हाताळले याची यादी करताना, ज्याला तुम्ही पवित्र मानता तेही तिच्यात लिहा. मी शिक्षिका असून चुकले, तेव्हा माझ्या शब्दावर विसंबू नका. कृपया स्वतः तपासून पाहा.