मासिकातला नायक आणि मांडवातला नायक

पुस्तकावरून नाटक काढलं की लोक हटकून म्हणतात, "मूळ गोष्टीची मजा नाही राहिली." मला त्याचा रागच येतो. मजा गेली तर गेली. माझं काय काय गेलं ते मला विचारा.

आमच्या आचऱ्याला त्या काळी वाचायला मिळायचं ते मुंबईकरांच्या ट्रंकेतून. पन्नास साल उलटून गेलं होतं, साठ अजून उजाडायचं होतं. माझा मामा गिरणीत होता. त्याच्या खोलीवर कुणीतरी एक मासिक लावलं होतं. दहा जणांचं वाचून झालं की मामा ते अंक बोटीने येणाऱ्या कुणा गाववाल्याच्या हाती धाडायचा. येईपर्यंत कडा दुमडलेल्या, मुखपृष्ठावर तेलाचा डाग, मधलं एखादं पान गायब. पण येत. त्यात एक प्रेमाची कादंबरी चालू होती. मी सातवीची फायनल पास, घरात सगळ्यांत शिकलेली, म्हणून वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. दुपारी भांडी आवरली की वाडीतल्या बायका आमच्या पडवीत यायच्या. कुणी कोकमं फोडायची, कुणी वाती वळायची, कुणी सरळ आडवी व्हायची.

कादंबरीचा नायक कुठल्याशा डोंगरातल्या गावी मोजणीखात्यात नोकरीला होता. नायिका वकिलाची मुलगी, तोंडाने फटकळ, बापाला उलट बोलणारी. ती बोलायची आणि हा ऐकायचा. मग लेखक चार पानं भरून सांगायचा, त्याच्या मनात काय काय दाटून आलं, त्याला तिचा हात धरावासा कसा वाटला, आणि का धरला नाही. शेवटी तो काहीच न बोलता खिडकीशी जाऊन उभा राहायचा. त्या माणसाच्या घराला भिंतींपेक्षा खिडक्याच जास्त असाव्यात. अंकात त्याचं चित्रही असे: सडपातळ, कपाळावर एक बट, आणि खिडकी.

माझ्या थोरल्या काकीला तो मुळीच आवडत नसे. काकीला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण एक अंक तिने चुकवला नाही. मी तोंड उघडायच्या आधी तिचा प्रश्न ठरलेला.

"बोललो काय गो तो?"

"नाय, काकी."

"मगे वाचतंस कित्याक?" असं म्हणून ती पाट पुढे ओढून बसायची.

मी मात्र त्या मुखदुर्बळाच्या पुरती नादी लागले होते. आमच्या वाडीत पुरुष दोन प्रकारचे: ओरडणारे आणि मुंबईला गेलेले. गप्प राहून कुणी मनात इतकं बाळगतं हे मला त्या मासिकाने शिकवलं. एकोणीस वर्षांच्या पोरीला तेवढं शिक्षण पुरेसं असतं, वाट लागायला.

तेव्हाच तो आला. तो म्हणजे आमच्यापासून भाताचे दोन कुणगे सोडून पलीकडे घर असलेला मुलगा, मुंबईत एका कचेरीत कारकून. कावीळ झाली म्हणून मोठी रजा काढून गावी आला होता. रामनवमीच्या उत्सवात मंडळाच्या पोरांना यंदा सामाजिक नाटक करायचं होतं. हा मुंबईत राहून चार नाटकं बघितलेला, म्हणून लिहायचं काम याच्या गळ्यात पडलं. त्याला गोष्ट हवी होती आणि सगळे अंक गावात फक्त माझ्याकडे होते.

तो संध्याकाळी यायचा, मी पडवीत दिवा लावायच्या वेळी. पायरीवर बसायचा, पाय खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, सोडून. आई आत, बाबा खळ्यात माडाची झापं विणत बसलेले, धाकटी बहीण इकडून तिकडे. लपूनछपून काही नव्हतं. फाटलेल्या पानांत काय होतं ते मी तोंडी सांगायचे, तो ऐकायचा. खरं तर भांडायचे मीच.

नाटकाच्या अडचणी त्याने मला एकेक करून सांगितल्या. नायिकेचं काम करायला गडी होता तो माडावर चढणारा, मानेने बैलासारखा. त्याच्या तोंडी फटकळ बोलणं घातलं तर लोक हसणार. शिवाय मानकऱ्यांनी बजावलं होतं, देवासमोरच्या मांडवात पोरगी बापाला उलट बोललेली चालायची नाही. म्हणून मांडवातली नायिका रडणार होती. पहिल्या अंकापासून शेवटच्या अंकापर्यंत.

"तिचा तोंडच शिवून टाकलंस तू," मी म्हटलं.

तो हसला नुसता.

नायकाची अडचण उलटी. ते काम गावातल्या शिंप्याकडे होतं. शिंपी आमचा मुळातला दशावतारी. राजाची कामं करायचा. दशावतारात लिहिलेलं भाषण नसतं. तोंडाला रंग लावताना कथा सांगतात, आणि मग ज्याने त्याने मांडवात उभं राहून आपल्या पोटातलं बोलायचं. जो जास्त बोलेल तो मोठा नट. अशा माणसाला गप्प उभं करायचं कसं?

"आणि मनातला कोणाक ऐकाक येता गो?" तो म्हणाला. "तुझ्या मासिकात लेखक सांगता. मांडवात कोण सांगतलो?"

"ता माका म्हायत नाय," मी म्हटलं. "तिचा तुका होया ता कर. पण तो बोललो तर तो तो रवाचो नाय."

अंकांचा गठ्ठा काखेत मारून तो उठला. मग म्हणाला, "बघतंय."

त्या एका शब्दावर मी दहा दिवस काढले. दिवा लावायची वेळ झाली की मी त्याची काच उगाच दोनदा पुसायचे. तो माझ्याशी कधी जवळिकीचं बोलला नाही, कधी हाताला हात लागू दिला नाही. आणि तेच मला पटत होतं. मासिकातला तरी कुठे बोलत होता? मी त्याच्या गप्प बसण्याखाली चार चार पानं मनाशी लिहीत होते, आणि ती सगळी त्याचीच समजत होते.

त्याच दिवसांत मला एक स्थळ आलं होतं. कणकवलीकडचा शाळामास्तर. याआधी दोन ठिकाणांनी पोरगी काळी म्हणून नाक मुरडलं होतं. होकार देणारं हे पहिलंच. बाबा उत्सव आटोपल्यावर निरोप धाडणार होते. घरात सगळ्यांनी ते ठरल्यातच धरलं होतं. मी रोज संध्याकाळी पायरीकडे बघत होते, की हा आज तरी बाबांशी बोलेल.

नाटकाला मांडव भरला. गॅसबत्त्या, बायका एका अंगाला, पोरं पुढे मातीत. शिंपी कोट घालून आला तेव्हा मला रडूच आलं. पोट सुटलेलं, केसांना तेल थापलेलं, बट कसली न् काय. नायिका तर पहिल्या प्रवेशापासून हुंदके देत होती. पण मग ताटातुटीचा प्रवेश आला. कापडावर खिडकी रंगवली होती. नायिकेचं रडून झालं, आणि शिंपी काही न बोलता त्या खिडकीशी जाऊन उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून.

मांडव चिडीचूप. कुणीतरी खोकलं. एक पोर किरकिरलं. त्याने माझं ऐकलं होतं.

एवढ्यात शिंपी गर्रकन वळला आणि हात पसरून म्हणाला, "तुझ्या पडवीतला दिवा लागेपर्यंत माझी संध्याकाळ होत नाही."

टाळ्या पडल्या. काकीने मला कोपराने ढोसलं, "बोललो गो बाय, एकदाचो." मला काही दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते. पडवी, दिवा, संध्याकाळ. याहून उघड कुणी काय सांगायचं? माझंही ऐकलं आणि स्वतःचंही सांगितलं, भर मांडवात, देवासमोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी विचारलं, "निरोप धाडूचो मां?"

"नको," मी म्हटलं.

बाबांनी हातातलं झाप खाली ठेवलं. "कोणी आसा काय मनात?"

मी गप्प. ते त्याने बोलायचं होतं, मी नव्हे.

"बाय गो," बाबा म्हणाले, आवाज न चढवता, "तुका परत कोण इचारीत असा वाटता तुका?"

तरी मी नको म्हटलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आणि चौथ्या दिवशी तो अंक परत द्यायला आला. बाबा खळ्यातच होते. त्याने अंकांचा गठ्ठा पडवीच्या कठड्यावर ठेवला आणि म्हणाला, "सगळे आसत. बघून घे." तेवढंच. दुसऱ्या दिवशी मालवणहून त्याची बोट होती.

कुणीही शहाणी पोरगी इथे काय ते समजली असती. मी मासिक वाचणारी. मला वाटलं, आज रात्री हा कुठल्या तरी खिडकीशी उभा राहणार.

गणपतीत तो आला नाही. रजा नाही, असं त्याची आई म्हणाली. मी थांबले. नवे अंक येत होते, नायक अजून गप्प होता, म्हणून मीही थांबत होते. शिमग्याला त्याची आई पेढे घेऊन आली. मुंबईतच काकाने त्याचं लग्न ठरवलं होतं. पोरगी दादरची, शिकलेली. मी पेढा तोंडात घातला आणि गोड आहे म्हटलं.

महिन्याभराने कणकवलीचे लोक पुन्हा आले. माझ्या धाकट्या बहिणीसाठी. मास्तर चांगला माणूस होता, अजून थांबला होता. बाबांनी या वेळी मला काही विचारलं नाही.

बहिणीचे लग्नाचे झंपर शिवायला आम्ही दोघी शिंप्याकडे गेलो. तो मांडी घालून मशीनशी बसला होता. बहीण खुशीत होती. तिने त्याला डिवचलं, "त्या रामनवमीच्या नाटकातला भाषण म्हणा बघया एकदा."

शिंप्याने सुई दातांत धरली होती ती काढली आणि तिथेच हात पसरून म्हणून दाखवलं. पडवी, दिवा, संध्याकाळ, सगळं.

"कोणी लिवलेला ता?" बहिणीने विचारलं.

"लिवतलो कोण? ता माझा." शिंपी हसला. "सगळ्या नाटकांत म्हणतंय मी. राणी आसली तर म्हाल, साधी बाय आसली तर पडवी. दमयंतीक म्हटलंय, तारामतीक म्हटलंय. बायका रडतत."

मी मशीनचं चाक धरून उभी होते. बहीण हसत होती. मी विचारलं, "मगे लिवणाऱ्यान थंय काय लिवल्यान?"

"कायच नाय गो. कोरा. नुसतो खिडकेकडे उभो रव म्हणालो तो. मी म्हटलंय, अरे, मी काय खांब आसंय? तर तो म्हणालो, एका माणसान माका सांगल्यान आसा, हो नायक बोलाचो नाय. दोन खोकले आयकलंय मी, मगे माका धीर धरवलो नाय. मागसून बरोच चिडललो माझ्यार. नाटक नासलंस म्हणालो." शिंप्याने टेप उचलली. "कोणाचो झंपर आधी?"

"तिचो," मी म्हटलं.

घरी येईपर्यंत बहीण बोलत होती, मी हुं हुं करत होते. त्याने माझ्यासाठी नायकाला गप्प ठेवलं होतं. ती कोरी जागा माझी होती. आणि मी ती सोडून शिंप्याच्या पोटातल्या वाक्यावर माझा जन्म टाकला होता. पण मग त्या कोऱ्या जागेत तरी काय होतं? प्रेम होतं, की नुसता एका वाचणाऱ्या पोरीचा मान? मी कितीदा उलटसुलट केलं. कोऱ्या जागेत काही वाचता येत नाही.

बहीण सासरी गेली. मला पुढे कुणी विचारलं नाही. बाबांचं खरं झालं. मी गावच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले.

बहिणीच्या लग्नानंतर पावसात कादंबरीचा शेवटचा अंक आला. बायका जमल्या, मी वाचलं. वकिलाने मुलीचं लग्न दुसरीकडे लावून दिलं. नायक मांडवात आला, अक्षता टाकल्या, घरी गेला आणि खिडकीशी उभा राहिला. मग चार पानं त्याच्या मनातलं. भाषा सुंदर होती. एरवी मी वाचताना थांबून डोळे पुसले असते. त्या दिवशी मला एवढंच दिसत होतं, की ही चार पानं मला वाचायला मिळतायत, पडवीतल्या सगळ्या बायकांना ऐकायला मिळतायत, मुंबईतल्या मामाच्या खोलीतल्या दहा जणांना मिळाली. फक्त तिला मिळाली नाहीत.

काकी वाती वळायची थांबली.

"शेवटाक तरी बोललो काय गो तो?"

"नाय, काकी."

"मगे तेच्या मनात काय होता," काकी म्हणाली, "ता तिका कसा कळला?"

"कळूक नाय," मी म्हटलं.