बॅझिल वाबूसचा लाकडी मासा

बॅझिल वाबूसच्या हातात दोनच कसब, असं त्याची बायको फिलोमिन म्हणायची: लाकूड जिवंत करायचं आणि माणूस अर्धमेला करायचा. वाबूस म्हणजे ससा. त्या नावावरून अमेरिकेतल्या ओजिब्वे आदिवासींच्या त्यांच्या वस्तीत कोणी टर उडवली तर तोही हसे, पण बाहेरच्याने डिवचलं की मग धडगत नसे. मिशनच्या शाळेत आपली भाषा बोलला म्हणून त्याला पट्ट्याने फोडून काढलं होतं. पंधराव्या वर्षी त्याने तोच पट्टा हिसकावून मास्तराच्या तोंडावर ओढला आणि पळाला. पुढे लाकूडतोडीच्या छावणीत मुकादमाचा जबडा मोडला आणि वर्षभर तुरुंगाची हवा खाल्ली.

सुटून आला तेव्हा फिलोमिन दारातच उभी होती.

"पुन्हा माणसावर हात उचललास ना, तर जज्ज तुला मरेपर्यंत आत ठेवेल. मग ही दोन पोरं काय तुझ्या भुशावर वाढवू?"

"नाही उचलणार," तो म्हणाला. दोन वर्षं त्याने शब्द पाळला. कसा, ते त्याच्या दातांनाच माहीत.

राग आला की तो मासे कोरायला बसे. देवदाराचा तुकडा, भूर्जाच्या सालीचे पर, कातड्याची शेपटी, पोट कोरून त्यात ओतलेलं शिसं. अंगावरचे पट्टे मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून जाळलेले. मग धुण्याच्या टबात परीक्षा. मासा गोल फिरत खाली गेला तर पास. दगडासारखा बुडाला तर चुलीत. मामाने शिकवलेली ही विद्या शोभेसाठी नव्हती. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्याच्या बर्फाला भोक पाडायचं, दोरीला बांधून हा मासा पाण्यात नाचवायचा आणि त्याला गिळायला वर येणाऱ्या खऱ्या माशाच्या पाठीत भाला घालायचा.

एकोणीसशे एकतीस सालचा फेब्रुवारी. हरीण दिसेना, पिठाचा डबा रिकामा. सरकारने भाल्याने मासे मारायला बंदी घातली होती. आजोबांनी सरकारशी केलेल्या करारात हे तळं वस्तीकडेच राहिलं होतं, पण ते कोण ऐकतो! एक बरं होतं: बर्फावर मासा सापडला तरच खटला. नुसता भाला सापडला तर शिकारीवर पहारा ठेवणारा सरकारी वॉर्डन दमदाटी करून जायचा. त्या वॉर्डनला वस्तीत लालमान्या म्हणत.

बॅझिलने चिमूटभर तंबाखू पाण्याला वाहिली आणि भोकावर घोंगड्यांचा तंबू ताणून, फांद्या अंथरून त्यावर पालथा पडला. डोकं आत अंधारात, पाय बाहेर थंडीत. पाणी खालून हिरवं उजळलं होतं. लाकडी मासा घिरट्या घालत होता. आणि मग ती आली. तीन हिवाळे हुलकावणी देणारी मस्की, तळ्यातली सगळ्यात मोठी शिकारी मासळी, माणसाच्या मांडीएवढी जाड, जबड्यात सुयांची रांग. भोकाच्या कडेला येऊन ती थांबली.

तेवढ्यात बरगडीत बूट बसला.

दुसरी लाथ कानावर. घोंगड्या फाडल्या गेल्या, ऊन डोळ्यांत घुसलं. "ऊठ रे सशा! बिळातून बाहेर ये!" लालमान्याने केस धरून त्याचं तोंड बर्फावर दोनदा आपटलं. नाकातून रक्ताची धार लागली. बॅझिल गुडघ्यांवर उठला. भाला हातातच होता. लालमान्याचं पोट चार हातांवर, कोटाची बटणं उघडी.

"मार ना," लालमान्या म्हणाला. "नाही मारत? मग तुझं खेळणं जाऊ दे तळाला."

त्याने सुरीने दोरी कापली. वरून धरणारं कोणी नव्हतं, तरी लाकडी मासा दगडासारखा बुडाला नाही. गोल फिरला, संथ, जिवंत असल्यासारखा. आणि मस्कीने झडप घातली.

बॅझिलचा खांदा मागे गेला. लालमान्याने किंचाळून हात तोंडावर घेतले. भाला सुटला तो पाण्यात. पाती मस्कीच्या मानेमागे रुतली, पाणी लाल झालं. बॅझिलने भाल्याची दोरी ओढली तशी ती तडफडत बर्फावर आली, शेपटीने तिने लालमान्याच्या नडगीवर फटका हाणला. बॅझिलने कुऱ्हाडीच्या मागच्या बोथट तुंब्याने तिचं डोकं ठेचलं, पुन्हा ठेचलं, मेल्यावरही ठेचत राहिला. थांबला तेव्हा त्याला कळलं, आपण काय करून बसलो. मासा बर्फावर होता. पुरावा आपल्याच हाताने ओढून काढलेला.

खटला उभा राहिला. या गुन्ह्याला साठ दिवसांवर शिक्षा नव्हती. जज्ज साठच्या साठ द्यायला निघाला होता, पण त्याला राहवेना.

"वॉर्डन डोक्यावर उभा होता. गप्प बसला असतास तर सुटला असतास. मग भाला का मारलास?"

बॅझिलचं नाक अजून सुजलेलं होतं. त्याने लालमान्याकडे शांतपणे पाहिलं.

"साहेब, टप्प्यात दोघं होते. त्यातला एक खाता येतो."

कोर्टात हशा पिकला, जज्जही हसला. मागच्या बाकावरची फिलोमिन मात्र हसली नाही. तिला ठाऊक होतं, तो थट्टा करत नव्हता.