बारा किलोचा सदरा

देशभराला नेसवणाऱ्या या सुरत शहरात लाखो माणसं कापड विणतात, पण स्वतः विणलेला सदरा कपाटातून बाहेर काढायला दोन माणसं लागतात असा गृहस्थ साऱ्या शहरात एकच असावा, आणि तो नेमका माझ्या नात्यात निघावा हे मी माझं भाग्य समजतो. माझी बायको ते तसं समजत नाही. हे गृहस्थ तिचे सख्खे मामा, म्हणजे माझे मामासासरे. नवागामात एका गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे आणि वर गच्ची. मिसरूड फुटायच्या वयात ते धुळ्याकडच्या खेड्यातून इथे आले, लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, लागले आणि पुढे त्याच खात्यात मास्तर झाले. मीही मास्तरच, पण मी मराठी शाळेत खडू घेऊन उभा राहणारा. लूमचा मास्तर म्हणजे बिघडलेल्या यंत्राचा वैद्य. पन्नास लूम एकदम खडखडत असताना त्यातल्या एकाच्या आवाजात काय खोट आहे हे मामा दारातून सांगतात. घरी मात्र मामी समोर बसून जे बोलतात ते त्यांना तीनदा सांगावं लागतं.

या माणसाच्या डोक्यात चिलखत शिरलं ते माझ्यामुळे, हे मी कबूल करतो. आमच्या शाळेची सहल किल्ल्यातलं संग्रहालय पाहायला निघाली होती आणि मुलं मोजायला एक वडीलधारं माणूस हवं म्हणून मी मामांना सोबत घेतलं. मुलं बाजूलाच राहिली. मामा एका काचेच्या कपाटापुढे जे उभे राहिले ते हलेनात. आत लोखंडी कड्यांचं एक जुनं चिलखत टांगलेलं होतं. अर्ध्या तासानं त्यांनी पहारेकऱ्याला बोलावलं आणि सांगितलं, "काखेखाली एक कडी चुकलीय. प्रत्येक कडी चार कड्यांत अडकायला हवी, ती तिघींतच अडकलीय." पहारेकरी म्हणाला, "काका, आ तो सेंकडो वरस जूनुं छे." त्यावर मामा खऱ्याखुऱ्या दुःखाने म्हणाले, "आणि एवढ्या वर्षांत कोणी दुरुस्त नाही केलं?" परतीच्या बसमध्ये ते स्वतःच्या शर्टाची वीण बोटांनी चाचपत होते. उधना आल्यावर एवढंच बोलले, "जावईबापू, ते कापडच आहे. फक्त लोखंडाचं आहे."

झालं. पुढच्या रविवारी गच्चीवर तारेची वेटोळी आली. लूमच्या जुन्या गजावर तार गुंडाळायची, लांबलचक स्प्रिंग करायची, ती कटरने उभी कापायची की कड्याच कड्या. मग दोन हातांत दोन पकडी घेऊन एकेक कडी उघडायची, चार कड्यांतून ओवायची आणि मिटायची. अशा वीसेक हजार कड्या. हे काम पुरं व्हायला तीन वर्षं लागली आणि त्या तीन वर्षांत मामांना मोकळ्या हातांनी कोणी पाहिलं नाही. लग्नाच्या पंगतीत, रेशनच्या रांगेत, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत त्यांच्या खिशातून कड्या निघत आणि बोटं चालू लागत. एकदा कोसाडला नात्यातल्या एकांच्या घरी आम्ही दुखवट्याला गेलो होतो. मामा कोपऱ्यात मान खाली घालून, डोळे अर्धवट मिटून, रुमालाखाली कड्या ओवत बसले. शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना वाटलं, गृहस्थ जप करतायत. त्यांनी हात जोडले. निघताना त्यातली एक मामींना म्हणाली, "बाई, तुन्हा मालक भलता देवभोळा शे." मामींनी घरी येईपर्यंत दम धरला आणि मग गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांचं निदान सांगितलं, "हाऊ माणूस नही, भंगारनं दुकान शे!"

मामींच्या बाजूनंही बोलायला हवं. मामांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशावर गंजाचा तांबूस डाग पडलेला होता आणि तो कुठल्याही साबणाला दाद देत नव्हता. गव्हाच्या डब्यात कड्या सापडत. एकदा तर पुरणात सापडली. आणि टोपाचं प्रकरण तर मामी अजून विसरलेल्या नाहीत. चिलखत होत आलं तशी मामांना डोक्याची काळजी वाटू लागली. त्याच सुमारास मामींचा दूध तापवायचा जाड बुडाचा टोप नाहीसा झाला. चार दिवस त्यांनी मोलकरणीवर, मांजरावर, माझ्या बायकोवरही संशय घेतला. पाचव्या दिवशी मामा गच्चीवरून खाली उतरले तेव्हा तो टोप ठोकूनठाकून, नाकावर पट्टी लावून, मानेवर कड्यांची झालर सोडून त्यांच्या डोक्यावर विराजमान झाला होता. "टोपच आहे ना?" मामा शांतपणे म्हणाले. "टोप म्हणूनच वापरतोय."

चिलखत घालणं त्या मानाने सोपं निघालं. हात वर करायचे आणि आत शिरायचं. काढणं कठीण. पुढे वाकून, कोंबडीसारखं अंग झाडून ते डोक्यावरून सोडवावं लागतं, हे पहिल्या दिवशी कोणाला ठाऊक नव्हतं. त्यामुळे मामा त्या दिवशी चिलखतातच जेवले, चिलखतातच वामकुक्षी केली आणि दारात गॅसचा सिलिंडर आला तो चिलखतातच घेतला.  तेव्हापासून सिलिंडरवाला सिलिंडर स्वतःहून आत आणून ठेवतो. पुढे एकदा गावाकडच्यांना दाखवायला म्हणून त्यांनी ते बॅगेत भरून नेलं, तर स्टेशनवरच्या तपासणीच्या यंत्राने ओरडा केला. पोलिसाने बॅग उघडली. "आ शुं छे?" मामा म्हणाले, "सदरो छे, साहेब." "कोनो?" "मारो." पोलिसाने बारीक शरीराच्या मामांकडे, मग बॅगेकडे पाहिलं आणि ते बॅग कशी उचलतात हे बघायला आणखी दोघांना बोलावलं.

आता एवढा खटाटोप कशासाठी, तर आमच्या वस्तीतलं मंडळ दरवर्षी महाराजांच्या जयंतीला मिरवणूक काढतं आणि वाटेत मैदानात थांबून, दोरी बांधून लढाई करून दाखवतं. बोथट तलवारी, ढाली, दांडपट्टे, सगळं नियमाने. डोक्यावर वार नाही, पडलेल्यावर वार नाही. मामांचं स्वप्न होतं की या चिलखतात आपण मावळ्यांच्या आघाडीला असावं. आणि इथे माझ्यातल्या शिक्षकाने घात केला. मी बोलून गेलो की मावळे डोंगरातून धावणारे, अंगावर हलकं लेणारे. असलं जड चिलखत असायचं ते बहुतेक समोरच्या फौजेतल्या सरदारांच्या अंगावर. मामांची पकड हातातच थांबली. तीन वर्षांत ती पहिल्यांदा थांबलेली मी पाहिली. मला वाटलं, आता हे चिलखत माळ्यावर जाणार. मग ते म्हणाले, "खोटं कापड विकायचं नाही, हे मला माझ्या उस्तादाने शिकवलंय. मग मी समोरचा सरदार."

घरात रडारड झाली. मंडळाचे अध्यक्ष मात्र आनंदाने रडायचे बाकी राहिले, कारण दरवर्षी त्यांच्याकडे साठ मावळे जमत आणि शत्रू व्हायला एकही माणूस मिळत नसे. आधीच्या वर्षी त्यांना शत्रूच्या जागी गवताचे पुतळे उभे करावे लागले होते. शेजारचे हिरे घासणारे काठियावाडी काका आधीपासूनच मामांची थट्टा करत, "मास्तर, आ वखते सुरत लूंटवा आवो त्यारे अमारी गली छोडी देजो!" त्यांना कळलं की मामा आता सुरतेच्या बाजूने लढणार, तेव्हा ते पेढे घेऊन आले.

मामांना मारायचं काम आलं ते पलीकडच्या गल्लीतल्या रेल्वेवाल्या दादांकडे. दादा रुळांच्या दुरुस्तीवर. वडील बुलढाण्याहून रेल्वेच्या नोकरीला आले तेव्हापासून घर इथलंच. हात असा की पट्टा फिरला की वारा ऐकू यावा, आणि मन लोण्याचं. दर रविवारी सकाळी गच्चीवर दोघांचा सराव चाले. दादा वार करत आणि लगेच थांबून विचारत, "मास्तर, लागलं का?" मामा भडकत. "शत्रूला असं विचारतात का?" दादा म्हणत, "नाही विचारत. पण लागलं का?" मग दोघं घामाघूम होऊन खाली येत आणि एकाच ताटलीत लोचो, म्हणजे सुरतेचा तो ढोकळ्यासारखा मऊ पदार्थ, खात.

अशा तयारीने मामा सलग सहा वर्षं पडले. पण काय पडायचे! आधी तलवार निसटायची, मग एक गुडघा टेकायचा, मग आकाशाकडे एक नजर, आणि मग बारा किलोच्या कड्या एकदम जमिनीवर सांडल्याचा तो आवाज. लोक मावळ्यांना टाळ्या वाजवत, पण वाट बघत ती मामांच्या पडण्याची. मामी मात्र कधी मैदानावर आल्या नाहीत. नवरा मार खातो तो बघायला तिकडे कशाला जायचं, असं त्यांचं म्हणणं.

सातव्या वर्षी नेमकी जयंतीच्या दिवशीच मुलीला बघायला शिरपूरची मंडळी यायची ठरली. मामांना एकच लेक, बी.कॉम. झालेली, कापड मार्केटमध्ये हिशेबनिसाचं काम करणारी. मामींनी मामांना समोर बसवून सांगितलं, "यंदा मरानं नही, सांगी ठेवस!" मामा म्हणाले, "शब्द दिलाय. मी गेलो नाही तर साठजण कोणाशी लढतील?" शेवटी असं ठरलं की पाहुण्यांना दुपारभर घरात बोलण्यात गुंतवायचं, मामा कामावर गेलेत असं सांगायचं आणि ते संध्याकाळी माणसात येऊन भेटतील. गुंतवायचं काम माझ्याकडे. मी गुंतवलंही. पण ढोल गल्लीत शिरले तसे मुलाचे वडील उठलेच. ते एस.टी.तून निवृत्त झालेले ड्रायव्हर, भरभक्कम, मिशाळ. गर्दीतून वाट काढणं हा त्यांचा जन्माचा धंदा. आम्ही पोहोचेतो ते दोरीपाशी पहिल्या रांगेत होते आणि दादांचा पट्टा मामांच्या छातीवर खणखणत होता.

"हाऊ लोखंडी कोण शे, पावणं?" त्यांनी मला विचारलं.

खोटं बोलायला मला एक क्षण मिळाला होता. मी तो घालवला. "ते मुलीचे वडील," मी म्हणालो. तेवढ्यात मामांची तलवार निसटली, गुडघा टेकला, आकाशाकडे नजर गेली आणि कड्या सांडल्या. मैदानाने टाळ्यांचा कडकडाट केला. मुलाचे वडील वाजवायचे थांबले होते. मला शिरपूरच्या परतीच्या गाड्या दिसू लागल्या.

ते दोरी ओलांडून सरळ मामांकडे गेले. मागोमाग मी. त्यांनी चिलखताचं टोक दोन बोटांत धरलं, खेचलं, उलटं करून पाहिलं. "हाई तुम्ही बनाडं?" मामा धुळीत बसूनच म्हणाले, "हो." "जड असेल?" "घालून बघा ना." आणि त्या भल्या माणसाने ते खरोखर घातलं. घरी आल्यावर काढायला गेलो तर निघेना. मामांच्या मापाचा सदरा आणि एस.टी.चं शरीर. त्यामुळे मुलगी बघण्याचा सारा कार्यक्रम नवऱ्या मुलाच्या वडिलांनी चिलखतात बसून पार पाडला. मुलीने चहा आणला, त्यांनी खणखणत हात पुढे केला आणि ती हसली. मुलगाही हसला. मग कोणीच गंभीर राहू शकलं नाही. तोंडाला पदर लावून मामीसुद्धा. दादांना बोलावून, तेल लावून, तिघांनी ओढून त्यांना सोडवलं तेव्हा लग्न ठरलेलं होतं.

मे महिन्यात लग्न झालं. पाठवणीला सगळे रडले. मामा टेम्पोवाल्याला सामान नीट कसं बांधावं ते सांगत राहिले. पावसाळा गेला, दिवाळी गेली. पुढच्या जयंतीला पुन्हा ढोल वाजले, दोरी बांधली गेली, साठ मावळे आले आणि टोप घालून मामाही आले. दादांनी वार केला. मामा पडले, आणि मला तरी वाटलं, आजवरच्या सगळ्या वर्षांपेक्षा सुंदर पडले. टाळ्या झाल्या. मिरवणूक पुढच्या चौकाकडे वळली. मैदान रिकामं होऊ लागलं आणि मामा उठले नाहीत.

मी धावलो. दादा माझ्या आधी पोहोचले होते आणि गुडघ्यावर बसून पुन्हा पुन्हा विचारत होते, "मास्तर, लागलं का? खरं सांगा." मी टोप काढला. मामांचे डोळे उघडे होते. श्वास नीट चालला होता. ते दोरीच्या त्या बाजूला बघत होते जिथे बायका उभ्या राहतात.

"काही झालं नाही," ते म्हणाले. "गेलं वर्ष सोडलं तर दरवर्षी मी पडलो की पोरगी दोरीखालून पळत यायची. टोप काढायची, पदराने घाम पुसायची आणि हाताला धरून उठवायची. एकट्याने उठता येत नाही हो यातून." माझ्या हातातल्या टोपाकडे बघत ते म्हणाले, "सवयीने वाटच बघत राहिलो. मग आठवलं."

दादांनी तोंड फिरवलं. मी मामांच्या काखेत हात घातला, पण त्यांनी मला थांबवलं.

"राहू द्या जावईबापू. जरा वेळ पडू द्या असंच. मेलेल्या माणसाला कसली घाई?"

मग आम्ही दोघं त्यांच्या दोन्ही बाजूंना धुळीत मांडी घालून बसलो. फेब्रुवारीचं ऊन होतं, कड्या तापल्या होत्या. दूर चौकातून ढोल ऐकू येत होते. थोड्या वेळाने मामांनी स्वतःच आमच्यापुढे दोन्ही हात केले.